सोनोग्राफीत गाठ निघाली, आता रुग्णालयात कसं जायचं

बावीस वर्षं मी स्त्रीरोग वॉर्डात सिस्टर आहे, पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात. रोज चार-पाच बायांना "अंगावरून किती जातंय? गाठी पडतात का?" असं विचारणारी मी, माझं स्वतःचं हिमोग्लोबिन ६.८ वर येईपर्यंत दुखणं अंगावर काढत राहिले. रात्रपाळीला एकावर एक दोन पॅड लावायचे. गणवेश पांढरा, म्हणून दर तासाला आरशात पाठमोरी वळून बघायचे. एका पेशंटसाठी रक्ताची पिशवी आणायला ब्लड बँकेत गेले आणि येताना जिन्यातच बसले. वॉर्डातल्या मावशी मागून येत होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, दुसऱ्याला रक्त चढवायला निघालात, तुमचंच तोंड कागदासारखं झालंय." त्यांनीच हाताला धरून ओपीडीत नेलं.

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीला फायब्रॉईडच्या दोन गाठी निघाल्या, एक ७ सेंमीची आणि एक ३ सेंमीची. वय तेव्हा ४१, मुलगी दहावीत. घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "मूल झालंय ना? मग पिशवी काढून टाकू, कटकटच मिटेल." आणि मी मान डोलावली. इतकी वर्षं वॉर्डात काढूनही डोलावली. थकलेली बाई कशालाही हो म्हणते.

शेवटी माझी पिशवी काढली नाही. ७ सेंमीची गाठ आजही पोटात आहे आणि तिचा मला काही त्रास नाही. हे कसं जमलं ते पुढं येईलच. पण त्याआधी तुम्ही पहिल्यांदा डॉक्टरसमोर बसाल तेव्हा हातात काय असायला हवं, ते सांगते.

कालनिर्णय काढा

ओपीडीत डॉक्टर विचारतात, किती रक्त जातं? बाई म्हणते, लई जातं. आता हे 'लई' कसं मोजायचं? एका बाईचं लई म्हणजे दिवसाला चार पॅड, दुसरीचं लई म्हणजे अंथरूण भिजणं. म्हणून दोन-तीन पाळ्यांचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवरच लिहा. पाळी कधी आली, कधी थांबली, त्या दिवशी किती पॅड बदलले आणि ते पूर्ण भिजलेले होते का. कापड वापरत असाल तर किती वेळा बदललं. रक्ताच्या गाठी पडल्या तर केवढ्या, सुपारीएवढ्या की लिंबाएवढ्या. रात्री बदलायला उठावं लागलं का. कामावर दांडी पडली का. दोन पाळ्यांच्या मध्येही जातंय का.

सात दिवसांच्या पुढं जाणारी पाळी, तास-दोन तासाला भिजणारा पॅड, रक्ताच्या मोठ्या गाठी, यातलं काहीही असेल तर "आमच्यात सगळ्यांना असंच असतं" हे वाक्य बाजूला ठेवा. माझ्या आईला तसंच होतं, मावशीलाही तसंच होतं. दोघींना फायब्रॉईडच्याच गाठी होत्या, हे आता कळतंय.

रक्ताशिवायचा त्रासही लिहा, कारण बाया तो सांगतच नाहीत. सारखी लघवीला लागणं, शौचाला साफ न होणं, ओटीपोटात दगड ठेवल्यासारखं वाटणं, संबंधाच्या वेळी दुखणं. थायरॉइडची, रक्त पातळ होण्याची, कसलीही गोळी चालू असेल तर तिची पट्टी सोबत न्या. जुने रिपोर्ट तारखेनं लावून एका फाइलमध्ये घाला. सोनोग्राफीच्या फिल्म घडी घालून पिशवीत कोंबून आणतात, तसं करू नका.

मात्र तासाला एक पॅड असं सलग दोन-तीन तास जात असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, लघवी अडली असेल किंवा गरोदरपणात रक्त दिसलं असेल, तर कालनिर्णय राहू द्या आणि थेट कॅज्युअल्टीत या. रात्रीचे दोन वाजले असले तरी या.

सूज म्हणजे काय?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'बल्की युटेरस' असे दोन शब्द वारंवार दिसतात. त्याचा अर्थ इतकाच की गर्भाशय नेहमीपेक्षा थोडं मोठं आहे. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं ते तसं असतंच. पण गावाकडं या दोन शब्दांचं भाषांतर होतं "पिशवीला सूज आलीय", आणि पुढचं वाक्य असतं, "काढली नाही तर कॅन्सर होईल."

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. माझ्या चुलत वहिनीची पिशवी २९व्या वर्षी काढली, असल्याच सुजेवर. ऊसतोडीला जाणारी बाई. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, म्हणून तिलाही वाटलं, बरंच झालं. २०१९ मध्ये हा विषय बाहेर आला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आकडा आला. बीडमध्ये पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यानंतर तिथं खासगी रुग्णालयात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. सर्वोच्च न्यायालयानंही एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठीच्या केंद्राच्या सूचना तीन महिन्यांत लागू करा. वहिनीला त्याचा काय उपयोग? ती आज ४४ वर्षांची आहे आणि दोन जिने चढत नाही.

तर फायब्रॉईड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. ती कर्करोगाची नसते. फायब्रॉईडसारखी दिसणारी कर्करोगाची गाठ असू शकते, पण क्वचित. पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावर जी गाठ वाढायला लागते, तिला मात्र "बघू पुढं" म्हणायचं नाही, कारण पाळी गेल्यावर या गाठी आक्रसायला हव्यात. आणि पंचेचाळिशीपुढच्या बाईला खूप जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. त्याला घाबरून पळू नका. आणि तो तपासल्याशिवाय कुणी थेट ऑपरेशनची तारीख देत असेल, तर का म्हणून विचारा.

किती सेंटिमीटर हे नंतर, कुठं आहे हे आधी

बाया एकमेकींना गाठीची मापं सांगतात. "माझी पाचची." "माझी आठची, बाई." मापावरून भीती ठरते. खरी गोम जागेत असते.

गर्भाशय हे घर धरा. काही गाठी अंगणाकडं फुगतात, बाहेरच्या बाजूला, त्या सबसिरोसल. काही भिंतीतच असतात, त्या इंट्राम्युरल. आणि काही माजघरात येतात, म्हणजे जिथं पाळीचं अस्तर असतं त्या पोकळीत, त्या सबम्युकोसल. माजघरातली गाठ बोराएवढी असली तरी घर डोक्यावर घेते. अंगणातली नारळाएवढी होईपर्यंत कित्येकींना पत्ता नसतो. फार मोठी झाली की लघवीच्या पिशवीवर नाहीतर मूत्रनलिकेवर दाब टाकते. डॉक्टर यालाच ० ते ८ असे क्रमांक देतात, फिगो वर्गीकरण म्हणतात त्याला. ०, १, २ म्हणजे माजघरातल्या. रिपोर्टवर हा क्रमांक नसेल तर विचारा, "ही गाठ आतल्या अस्तराला लागलीय का? पोकळीत किती आलीय?" एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरचा डॉक्टर खुर्चीत सावरून बसतो. मी पाहिलंय.

माझ्याबाबतीत हेच झालं. सगळे ७ सेंमीच्या गाठीकडं बघत होते. आमच्या विभागातल्या मोठ्या मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुला नेमका त्रास कशाचा आहे? पोट जड वाटतं? लघवीला लागतं?" मी म्हटलं, नाही, फक्त रक्त. म्हणाल्या, "मग मोठी सोड, धाकटीला बघू." पाळी संपल्यावर, सातव्या-आठव्या दिवशी, आत थोडं सलाईन सोडून सोनोग्राफी केली. पोकळी उघडली आणि ३ सेंमीची ती गाठ आत डोकावताना स्पष्ट दिसली. मोठी बाहेरच्या अंगाला होती, गरीब बिचारी.

सोनोग्राफी पोटावरून असेल तर लघवी भरलेली लागते, आतून असेल तर रिकामी. हे आधी विचारून जा, नाहीतर दोन लिटर पाणी पिऊन बसता आणि मग टॉयलेटची रांग. लग्न न झालेल्या मुलीची आतून करत नाहीत, पोटावरूनच करतात. गाठी खूप असतील, किंवा गाठ आहे की भिंतच जाड झालीय हे कळत नसेल, तर एमआरआय लागतो. भिंत जाड होणं हा वेगळा आजार, अडेनोमायोसिस. त्यात गाठीसारखं सोलून काढता येत नाही. प्रत्येकीला एमआरआय लागत नाही.

कुठं जायचं

मोठी इमारत आणि लॉबीतलं कारंजं बघून रुग्णालय निवडू नका. मी चार गोष्टी बघते. तिथं दुर्बिणीचं ऑपरेशन आणि पोट उघडून करायचं ऑपरेशन, दोन्ही करणारे हात आहेत का? ज्याला एकच येतं, तो प्रत्येकीला तेच सांगतो. ब्लड बँक आवारात किंवा जवळ आहे का? गाठी काढताना रक्त जातं, आणि ऐन वेळी नवऱ्याला स्कूटरवर शहरभर पाठवण्यात अर्थ नाही. भूलतज्ज्ञ पूर्णवेळ असतात की फोन करून बोलवतात? आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी आहे का? या चौथ्याचं काय ते खाली सांगते.

मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, शिवाय खास बायांसाठीची कामा आणि परळचं वाडिया प्रसूतिगृह आहे. पुण्यात ससून, कोल्हापुरात सीपीआर, नागपुरात मेडिकल आणि मेयो, गोव्यात बांबोळीचं जीएमसी. गर्दी असते, केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते, पण तिथं एकाच आवारात सगळे विभाग असतात आणि निर्णय युनिटमध्ये चर्चा होऊन होतो. लहान गावात असाल तर तिथल्या डॉक्टरांकडून निदान करून घ्या, रक्त वाढवून घ्या, आणि ऑपरेशनची गोष्ट निघाली की दुसरं मत घ्यायला शहरात या. दुसरं मत घेतलं म्हणून डॉक्टर रागावले, तर पहिलं मत किती पक्कं होतं ते कळलं.

समोर कोणकोणते रस्ते असतात

पहिला रस्ता म्हणजे काहीच न करणं. त्रास नसेल, योगायोगानं सोनोग्राफीत गाठ दिसली असेल, तर सहा महिन्यांनी, मग वर्षानं तपासायचं. बऱ्याच जणींचा रस्ता हाच असतो आणि तो सांगण्यात कुणाचाच पैसा नसतो.

नुसतं रक्त जास्त जात असेल तर ट्रेनेक्सॅमिक ॲसिडची गोळी. ती फक्त रक्त जाण्याच्या दिवसांत घ्यायची. महिनाभर घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात. पायाच्या शिरेत पूर्वी गुठळी झाली असेल तर ती घ्यायच्या आधी सांगाच. हॉर्मोनच्या गोळ्या असतात. हॉर्मोनची तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवतात, पाच-सहा वर्षं चालते आणि रक्त खूप कमी करते. मात्र पोकळी गाठीनं वाकडी झाली असेल तर ती निसटून पडू शकते. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं महिन्याला एक देतात, गाठ बऱ्यापैकी आक्रसते, पाळी थांबते, गरम वाफा येतात, आणि इंजेक्शन बंद केल्यावर काही महिन्यांत गाठ पुन्हा पूर्वपदावर. म्हणून ती कायमचा इलाज म्हणून नाही, ऑपरेशनआधी रक्त भरून यावं आणि गाठ लहान व्हावी म्हणून वापरतात.

कांचनार गुग्गुळ, काढे, सोयाबीन बंद, मैदा बंद. कुणाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण काढ्यानं गाठ विरघळेल म्हणून दोन वर्षं थांबलेल्या आणि ४ हिमोग्लोबिन घेऊन स्ट्रेचरवर आलेल्या बायांना रक्त मीच चढवलंय.

मग फक्त गाठ काढणं, मायोमेक्टॉमी. माजघरातली गाठ खालून, योनीमार्गे दुर्बीण घालून काढता येते, पोटावर टाकाच नाही. माझी अशीच काढली. भिंतीतली किंवा बाहेरची असेल तर पोटातून दुर्बिणीनं, नाहीतर पोट उघडून. मोठ्या आणि खूप गाठी असतील तर पोट उघडण्यात काही कमीपणा नाही; चांगला हात भिंत नीट शिवतो हे महत्त्वाचं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात मोठी गाठ बाहेर काढायला ती आत बारीक करावी लागते. चुकून ती कर्करोगाची निघाली तर तुकडे पोटभर पसरतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं २०१४ मध्ये त्या यंत्राबद्दल इशारा दिला. तेव्हा विचारा, "पिशवीत घालून बारीक करणार ना?" ही पिशवी म्हणजे प्लॅस्टिकची बरं का, गर्भाशयाची नाही. एका काकूंचा यावरून मोठाच गोंधळ झाला होता.

मूल हवं असणाऱ्यांनी गाठ काढल्यावर ऑपरेशनची नोट मागून घ्या आणि लॅमिनेट करून ठेवा. कोणत्या भिंतीतून काढली, पोकळी उघडली होती का, हे पुढं बाळंतपणाच्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे. त्यावरच ठरतं की किती महिने थांबायचं आणि सिझर करायचं का. आणि नव्या गाठी पुन्हा येऊ शकतात, हे आधीच मनाशी ठेवा.

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचा रस्ता बायांना कुणी सांगतच नाही. मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या धमनीत वाळूसारखे कण सोडतात. गाठीचं रक्त तुटतं, ती महिन्यांमागून महिने सुकत जाते. १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. पोट फाडायचं नाही, एक-दोन दिवसांत घरी. पण पहिली रात्र कठीण, कळा जोरात येतात, वेदनाशामक तयार ठेवावी लागतात, पुढं काही दिवस कणकण राहते. पुढं मूल हवं असेल तर सहसा याला पहिली पसंती देत नाहीत. हे काम स्त्रीरोगवाले करत नाहीत, दुसरा विभाग करतो. म्हणूनच ते सांगायचं राहून जातं, असं माझं मत. मॅडमना ते आवडणार नाही.

आणि पिशवी काढणं. त्याला मी वाईट म्हणत नाही. आमच्याच वॉर्डातल्या एका सिस्टरनं ४७व्या वर्षी काढून घेतली. अकरा गाठी, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तिला आता सोक्षमोक्ष हवा होता. ती खूश आहे. पण तिनं जाण्याआधी चार गोष्टी विचारल्या होत्या: कुठून काढणार, खालून, दुर्बिणीनं की पोट उघडून? ओव्हरी, म्हणजे बीजांडकोश, ठेवणार ना? नळ्या काढणार का? गर्भाशयाचं तोंड काढणार का? यातला दुसरा प्रश्न सर्वांत मोठा. पिशवी गेली तरी ओव्हरी राहिल्या तर हॉर्मोन चालू राहतात. पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडं येऊ शकतं, इतकंच. तिशीत-चाळिशीत विनाकारण ओव्हरी काढल्या तर गरम वाफा, हाडं, हृदय, सगळ्यावर परिणाम. माझ्या वहिनीच्या ओव्हरीही गेल्या होत्या, हे आम्हांला दहा वर्षांनी, दुसऱ्याच सोनोग्राफीत कळलं.

आधी रक्त, मग तारीख

६.८ वर ऑपरेशन करायचं नसतं. मला धाप नव्हती, म्हणून रक्त न चढवता शिरेतून लोह दिलं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. पहिल्या दिवशी १००० मिलिग्रॅम, आठवड्यानं ५००. पंधरा-वीस मिनिटांचं सलाईन, मग अर्धा तास बसवून ठेवतात. सोबत पाळी थांबवायला हॉर्मोनच्या गोळ्या. चार आठवड्यांनी १०.४. तोंडानं लोहाची गोळी घेत असाल तर चहाबरोबर नको. लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. शौचाला काळी होते, घाबरू नका. ज्या रुग्णालयात ७ हिमोग्लोबिनवर "उद्या या, करून टाकू" म्हणतात, तिथून उठून या.

पैसा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. संलग्न रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन आधी त्यांच्याकडं जा आणि तुमच्या ऑपरेशनचं नाव घेऊन विचारा, कारण योजनेतल्या काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. फोन १५५३८८. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालतं.

आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्याच लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलतीत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं, आणि भरती होण्याआधी समाजसेवकाला भेटावं लागतं. बिल झाल्यावर रडत येतात, तेव्हा आमचेही हात बांधलेले असतात. खासगी विमा असेल तर पॉलिसीत प्रतीक्षा कालावधी बघा. फायब्रॉईड आणि पिशवी काढणं यांना बहुतेक पॉलिसींत पहिली २ वर्षं पैसे मिळत नाहीत.

सहीचा कागद

संमतीपत्र आदल्या रात्री नऊ वाजता, भूक लागलेली असताना पुढं येतं. ते दुपारी मागून घ्या. मराठीत मागा. त्यावर कधीकधी लिहिलेलं असतं, "मायोमेक्टॉमी, गरज पडल्यास हिस्टरेक्टॉमी." हिस्टरेक्टॉमी म्हणजे पिशवी काढणं. ही गरज म्हणजे नेमकं काय, ते विचारा. खरं उत्तर एकच: रक्त थांबेचना आणि जिवावर आलं तर. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच सांगितलंय की बाई भुलीखाली असताना आईची सही घेऊन पिशवी काढता येत नाही. जीव धोक्यात नसेल तर बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. सज्ञान बाईची सही पुरते. नवऱ्याची मागतात ती रिवाज म्हणून. घरच्यांना सांगा, त्यांचा आधार घ्या, पण पेन तुमच्या हातात असू द्या.

त्या दिवशी, आणि नंतर

टेबलाच्या पलीकडं मी हजार वेळा उभी राहिलेय, त्यावर निजले एकदाच. माझ्या ऑपरेशनला सलाईन सोडून पोकळी फुगवली होती. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशेब आमचीच स्टाफ नर्स बादली मोजून मोठ्यानं सांगत होती. फार पाणी अंगात राहिलं तर ऑपरेशन थांबवतात. नंतर ऐकलं की ९०० मिलिलिटरचा फरक आला होता, ठीकच. पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी घरी.

पोटाचं ऑपरेशन असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला एकच प्रश्न असतो, "गॅस सरकला का?" लाजू नका, सांगा. त्याशिवाय तोंडानं काही मिळत नाही. आधी पाणी, मग पेज, मग मुगाचं वरण. दुर्बिणीनंतर खांदा दुखतो. तो पोटात भरलेल्या वायूनं दुखतो, हार्ट अटॅक नव्हे. लघवीची नळी निघाली की चाला. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत, मग परत. पडून राहिलेल्या बाईच्या पायात गुठळी होते, चालणाऱ्या बाईची भीती जाते.

घरी गेल्यावर सासूबाई बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू करतात. खा, पण शौचाला घट्ट होतं. ताक आणि पालेभाजी सोबत असू द्या. पोट उघडलं असेल किंवा पिशवी काढली असेल तर सहा आठवडे हंडा, सिलिंडर, नातवंड काहीच उचलायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत. खालून दुर्बिणीनं झालं असेल तर आठवड्यात कामावर जाता येतं. मी नवव्या दिवशी ड्यूटीवर होते. ताप, घाण वासाचं जाणं, पायाच्या पोटरीला सूज, टाक्यातून पू, अचानक भरपूर रक्त, यातलं काही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका.

आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. काढलेली गाठ तपासायला जाते आणि तो कागद आठ-पंधरा दिवसांनी येतो. कर्करोग नव्हता हे पक्कं सांगणारा कागद तोच. पण टाके निघाले, दुखणं थांबलं की बाया तो न्यायला येत नाहीत. आमच्याकडं असे पडून राहिलेले रिपोर्ट एका कपाटात आहेत, वर्षावारी गठ्ठे बांधलेले. कपाट माझ्या टेबलामागंच आहे. ओपीडीच्या वेळात कधीही या, नाव आणि केसपेपरचा नंबर सांगा, काढून देते.